फराळ बदलावा की कमी करावा?

आश्विन महिना लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत डाळी-भाज्यांचे प्रश्न मागे पडतात आणि फराळ पुढे येतो. यंदाच्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. एकाच अर्थाची पत्रे बरीच होती, त्यामुळे त्यांतील मुद्दे एकत्र केले आहेत.

प्रश्न : चाळीस वर्षे मी घरी फराळ करत आले. यंदा मुलगा आणि सून म्हणतात की फराळ ‘हेल्दी’ करायचा. शंकरपाळी कणकेची आणि गुळाची, लाडू खजुराचे आणि चकली ओव्हनमध्ये भाजलेली. आजवर मी केले ते इतके वाईट होते का?
(एक वाचिका, पुणे)

उत्तर : वाईट मुळीच नव्हते. मात्र आपल्या सुनेची काळजी निराधार आहे असेही मला म्हणता येणार नाही, कारण आपण फराळ करू लागलात तेव्हा चकली वर्षातून एकदा घरात येत असे आणि आता चकली, शेव व शंकरपाळी बारा महिने वाण्याच्या दुकानात पाकिटांतून मिळतात. सणाचा पदार्थ रोजचा झाला, हे खरे दुखणे आहे, आणि त्याचे खापर बिचाऱ्या दिवाळीवर फुटते आहे.

आता सुचवलेल्या बदलांकडे एकेक करून पाहू. गुळात लोह आणि काही खनिजे साखरेपेक्षा अधिक असतात हे खरे. परंतु 100 ग्रॅम साखरेतून सुमारे 400 कॅलरी मिळतात आणि तेवढ्याच गुळातून सुमारे 380, आणि रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत ही दोन्ही सख्खी भावंडे आहेत. गुळाची शंकरपाळी चवीसाठी अवश्य करावी, आरोग्याच्या नावाखाली दुप्पट खाऊ नये. खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असते. तिच्याबरोबर तंतुमय पदार्थ मिळतात ही जमेची बाजू असली, तरी ‘बिनसाखरेचे लाडू’ हे नाव फसवे आहे. मैद्याऐवजी कणीक घेण्याचा बदल मात्र मला मान्य आहे. त्याने कोंड्यातील तंतू मिळतात आणि शंकरपाळीचा खमंगपणा वाढतो, असा माझा अनुभव आहे. ओव्हनमधली चकली खुसखुशीत व्हावी म्हणून मोहन, म्हणजे पिठात घालायचे गरम तेल, वाढवावे लागते, त्यामुळे वाचवलेले थोडे तेल मागल्या दाराने परत येते. एकूण तेल तरीही काहीसे कमी राहते हे कबूल करायला हवे, पण ती चकली तळलेल्या चकलीची बहीण लागत नाही, खारी बिस्किटाची लागते.

मी स्वतः हिशेब वेगळ्या ठिकाणी करते. बेसनाचा साधारण 40 ग्रॅमचा एक लाडू घ्या. त्यात सुमारे 15 ग्रॅम बेसन, 10 ग्रॅम तूप आणि 14 ग्रॅम पिठीसाखर असते, म्हणजे जवळपास 200 कॅलरी, आणि त्यांतील 90 एकट्या तुपाच्या. हाच लाडू 20 ग्रॅमचा वळला तर कोणताही जिन्नस न बदलता सगळेच निम्मे होते. बेसन मंद आचेवर धीराने भाजले, तूप एकदम न घालता थोडे थोडे घातले आणि शेवटी दुधाचा हबका मारला, तर बेसन स्वतःच तूप सोडू लागते आणि वरून आणखी तूप ओतण्याचा मोह टळतो. घाईत भाजलेले बेसन कोरडे वाटते, म्हणून तूप वाढवले जाते आणि मग लाडू बसतात. त्या चुकीची किंमत चव आणि प्रकृती दोघांनाही द्यावी लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलाला सांगावी. फराळ हा शब्द फलाहारावरून आला, म्हणजे मुळात ते हलके खाणे. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झाल्यावर सकाळी फराळ होत असे तो न्याहारीच्या जागी होत असे. आज आपण दुपारी साग्रसंगीत जेवतो, चारला चहाबरोबर फराळ घेतो, पाहुणे आले की पुन्हा घेतो आणि रात्री परत जेवतो. फराळ जेवणाच्या जागी न येता जेवणाच्या वर येऊन बसला आहे. त्याला पुन्हा न्याहारीच्या जागी बसवले, आणि जो डबा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवला जातो तो भाऊबीजेपर्यंतच पुरेल इतका केला, तर सुनेच्या बहुतेक शंका मिटतील.

परंपरेत बदल नकोच, असे माझे म्हणणे नाही. चकलीतील लाल तिखट आणि चिवड्यातील शेंगदाणे यांची पिके मूळची अमेरिका खंडातील. युरोपीय खलाशी पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे पोहोचले, त्यानंतरच पोर्तुगीजांमार्फत ती आपल्याकडे आली. म्हणजे तिखट चकलीसुद्धा कधीतरी नव्या सुनेनेच आणली असणार.

प्रश्न : माझी चकली फार तेलकट होते. भाजणी घरचीच आहे. तेल कमी प्यावे यासाठी काही करता येईल का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : पत्र एका पुरुष वाचकाचे आहे, याचा विशेष आनंद झाला. प्रश्नही मोलाचा आहे, कारण फराळ आरोग्याला बरा की वाईट हे जिन्नसांच्या यादीपेक्षा कढईपाशी अधिक ठरते.

तळणे म्हणजे पदार्थातील पाणी बाहेर काढणे. साधारण 170 ते 180 अंश सेल्सियस तापलेल्या तेलात चकली पडली की तिच्यातील पाण्याची वाफ होते आणि ती वेगाने बाहेर पडते. आपल्याला दिसणारे बुडबुडे ते हेच. जोपर्यंत वाफ जोराने बाहेर येत असते तोपर्यंत तेलाला आत शिरायला वाट मिळत नाही. तेल पुरेसे तापलेले नसेल तर वाफेचा जोर कमी पडतो, कवच उशिरा धरते, चकली कढईत अधिक वेळ राहते आणि तेल पिते. म्हणूनच ‘मंद आचेवर तळा’ हा सल्ला अर्धवट आहे. चकली सोडताना तेल चांगले तापलेले असावे आणि नंतर आच मध्यम करावी. पिठाची बारीक गोळी तेलात टाकताच ती तळाशी न रेंगाळता वर आली, तर तेल तयार आहे असे समजावे. एका घाण्यात चकल्यांची गर्दी करू नये, कारण थंड पिठाने तेलाचे तापमान एकदम उतरते. बुडबुडे जवळजवळ थांबले की चकली झाली.

याहून महत्त्वाची आणि सहसा कोणी न सांगितलेली गोष्ट अशी की, पदार्थात जाणारे बरेचसे तेल कढईत असताना नव्हे, तर बाहेर काढल्यावर आत जाते. चकली निवू लागते तशी तिच्यात उरलेल्या वाफेचे पाणी होते, आतला दाब घटतो आणि अंगावरचे तेल छिद्रांतून आत ओढले जाते. त्यामुळे काढलेली चकली लगेच ताटात एकावर एक रचणे ही मोठी चूक आहे. झाऱ्यावर घेऊन ती कढईच्या वरच, गरम हवेत, थोडा वेळ धरावी, झारा एकदोनदा हलका झटकावा आणि मग चकल्या चाळणीत उभ्या लावाव्यात. माझी आई चकल्या नेहमी उभ्या लावत असे. मोडू नयेत म्हणून तसे करते, असे मी कित्येक वर्षे समजत होते.

मोहनाकडेही पाहावे. एक वाटी भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल आणि साधारण वाटीभर, किंचित कमीच, उकळते पाणी हे माझे प्रमाण आहे. मोहन वाढले की पिठाची पकड सुटते, चकली तेलात विरते आणि जी टिकते तीही तेलकट होते. मोहन कमी पडले की चकली दाताला लागते. भाजणीत उडीद डाळ कमी पडली, तरीही चकलीला तुकडे पडतात. चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी मूग डाळ आणि अर्धी वाटी उडीद डाळ हे आमच्या घरचे माप आहे. आपल्या मापाशी ते ताडून पाहावे.

प्रश्न : तळणीचे उरलेले तेल पुन्हा वापरावे का? करंजीच्या साठ्यासाठी, म्हणजे पापुद्रे सुटावेत म्हणून पोळ्यांना लावायच्या तूप-पिठाच्या लेपासाठी, वनस्पती तूप चालेल का?
(एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात नको ती संयुगे साठत जातात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून व्यावसायिकांना बंधन घातले आहे की, ज्या तेलातील अशा ध्रुवीय संयुगांचे एकूण प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले आहे ते तेल वापरू नये. घरी ते मोजण्याचे साधन नसते. परंतु तेल काळसर आणि दाट झाले, त्याला फेस येऊ लागला किंवा ते लवकर धुरावू लागले, तर त्याचा निरोप घ्यावा. याहून शहाणपणाचे म्हणजे मुळातच तेल कमी घ्यावे, आणि त्यासाठी पसरट कढईऐवजी लहान, खोलगट कढई वापरावी. आधी शंकरपाळी व करंज्या तळाव्यात आणि चकली शेवटी तळावी, कारण तिखट-हळदीने तेल लवकर खराब होते. उरलेले तेल निवल्यावर बारीक गाळणीने गाळून चार-पाच दिवसांत फोडणीला संपवावे. ते पुन्हा तळणीला घेऊ नये आणि मोरीतही ओतू नये.

साठ्याला घरचे तूप वापरावे. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटवर 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे ते पूर्वीइतके घातक राहिलेले नाही. तरीही तूप महाग पडते म्हणून वनस्पती वापरण्यापेक्षा करंज्या निम्म्या कराव्यात, असे माझे मत आहे.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आणि आईला रक्तदाब आहे. दोघांनाही फराळाची अतिशय आवड आहे. त्यांच्यासाठी वेगळा फराळ करावा का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : औषधांची मात्रा आणि पथ्य हा त्यांच्या डॉक्टरांचा विषय आहे आणि दिवाळीपूर्वी एकदा त्यांच्याशी बोलून घ्यावे. स्वयंपाकघरातून सांगता येण्यासारखे एवढेच आहे की, वेगळा डबा शक्यतो करू नये. स्वतःचा डबा वेगळा दिसला की माणूस चोरून खातो, आणि चोरून खाल्लेल्याचा हिशेब राहत नाही.

वडिलांच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज तिखट पदार्थांविषयी असतो. लाडू टाळला म्हणून ते निर्धास्तपणे चार चकल्या आणि दोन वाट्या चिवडा घेतील, परंतु चकलीत मुख्यतः तांदूळ आहे, चिवड्यात पोहे आहेत आणि त्यांतील स्टार्चची शेवटी रक्तात साखरच होते. एक चकली आणि अर्धा लाडू सकाळच्या पोह्या-उपम्याच्या जागी, सोबत ताक किंवा मोड आलेली मटकी, अशी मांडणी बरी. मात्र गोड खायचे म्हणून इन्सुलिन किंवा गोळी घेतल्यावर जेवण टाळणे धोक्याचे आहे आणि ते कटाक्षाने करू नये.

आईसाठी मिठाकडे लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे, आणि त्यात भाजी-आमटीतील मीठही आले. चिवड्यात मीठ फोडणीत घालण्याऐवजी ते पिठीसाखरेबरोबर बारीक वाटून शेवटी वरून भुरभुरावे. बारीक मीठ जिभेला लगेच लागते, त्यामुळे कमी मिठात भागते. पातळ पोहे तळू नयेत. उन्हात ठेवून किंवा कढईत मंद आचेवर कोरडे भाजून घ्यावेत. तळलेले पोहे किती तेल पितात हे पाहायचे असेल, तर ते कागदावर पसरून पाहावेत.

प्रश्न : अनारसे दरवर्षी तुपात हसतात, म्हणजे फुटून विरतात. तांदूळ तीन दिवस भिजवते आणि पाणीही रोज बदलते. काय चुकत असेल?
(एक वाचिका, सातारा)

उत्तर : गूळ जास्त झाला असेल, तांदूळ कुटताना अधिक ओले असतील किंवा तूप पुरेसे तापलेले नसेल. भिजवलेले तांदूळ फडक्यावर पसरून ओलसर असतानाच कुटावेत, पण हाताला पाणी लागता कामा नये. या पिठापैकी वाटीभर पीठ गूळ न घालता बाजूला ठेवून द्यावे. अनारसा हसला की त्यातले थोडे मळून मिसळावे. गूळ घातलेल्या पिठाला डब्यात चार-पाच दिवस तरी विश्रांती द्यावी. खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडावा, उलटू नये, झाऱ्याने वरून तूप उडवावे आणि काढल्यावर तोही चकलीसारखाच उभा निथळू द्यावा.

आंबवलेले पीठ म्हणून अनारसा पचायला हलका, असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. पीठ किंचित आंबते हे खरे, परंतु तूप आणि गूळ पाहता तो फराळातील सर्वांत जड पदार्थांपैकी एक आहे. जावयाला 33 अनारशांचे वाण अधिक मासात देतात, आणि अधिक मास साधारण तीन वर्षांनी येतो, हे लक्षात ठेवावे. दिवाळीसाठी घरातील माणसांच्या दुप्पट अनारसे पुरेत. पहिला अनारसा मात्र सुपारीएवढ्या गोळीचा थापून एकटाच तुपात सोडावा. तो हसला, तर बाजूला ठेवलेले पीठ हाताशी आहेच.