गुन्हेगार नायक किशोरवयीन वाचकांना का आवडतात?

फँटसी कादंबऱ्यांतला चोर आणि लबाड नायक आपल्या 15 वर्षांच्या मुलीला इतका का भावावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते आकर्षण गुन्ह्याचे नसून कौशल्याचे आणि त्यामागच्या जखमेचे आहे. ली बार्डुगो यांच्या 2015 सालच्या ‘सिक्स ऑफ क्रोज’मधला काझ ब्रेकर पाहा : लहानपणी एका ठगाने त्याला आणि त्याच्या भावाला लुबाडले, भाऊ साथीत गेला, आणि पुढे हातमोजे न काढणारा, काठी टेकत चालणारा हा मुलगा, ज्या शहरात हे घडले त्या शहराचेच डावपेच त्याच्यावर उलटवू लागला. मोठ्यांनी आखलेली व्यवस्था अन्यायी आहे, हा संशय त्या वयात येतोच. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या पुस्तकबाजारातून गाइडांचा गठ्ठा घेऊन घरी परतणाऱ्या मुलांना तर जरा जास्तच. शिवाय असा नायक टोळीतल्या सोबत्यांसाठी स्वतःचा फायदा सोडतो, तेथे वाचक त्याला माफ करून टाकतो. पुण्याला हे नवे नाही : इंग्रजांच्या लेखी दरोडेखोर ठरलेल्या आणि याच शहरात फाशी गेलेल्या उमाजी नाइकांना लोकांनी राजेच म्हटले. अर्थात ते बंड होते आणि काझचा निव्वळ धंदा, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये.