बांधावरच्या गवतात पांढरे पट्टे कुणाचे?

प्रश्न : आमचं रान वाईजवळ आहे. बांधावरच्या गवताच्या पानांवर पांढरट लांब पट्टे पडलेत. टोमॅटोवर नागअळी येते तीच का ही? फवारा मारू का? आणि हे गवत म्हशीला घातलं तर चालेल का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : पंप ठेवा बाजूला दादा. पट्टे पडलेलं गवत म्हशीला बिनधास्त घाला, औषध मारलेलं मात्र घालू नका, खरा धोका त्याचाच.

टोमॅटोवरची नागअळी म्हणजे लिरिओमायझा नावाच्या बारीक माशीची अळी, तिला टोमॅटो, वाल, भोपळा असली रुंद पानं आवडतात. गवत पोखरणाऱ्या माश्या वेगळ्या, आणि त्याशिवाय एलाकिस्टा नावाचे पतंग आहेत ज्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण पंख पसरून सगळा मिळून जेमतेम एक सेंटिमीटरचा जीव, तोही गवतात खाली बसणारा. याची अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधे राहते न आतला हिरवा गर खाते, म्हणून तेवढी जागा पांढरी पडते.

तुमच्याकडं कोण आलंय ते बघायचं तर पान उन्हाकडं धरा, आत अळी दिसली आणि तिला नीट डोकं असलं तर पतंग समजा, न डोकं न पाय अशी नुसती वळवळ असली तर माशी. कोशावरूनही कळतं. एलाकिस्टाची अळी बहुतेक वेळा पानातनं बाहेर येऊन पानाला नाहीतर काडीला स्वतःला रेशमाच्या धाग्यानं बांधून घेते, लिंबाच्या झाडावर फुलपाखराचा कोश कमरेला दोरा बांधल्यासारखा असतो ना, तसंच. माशीचा कोश असतो टणक बारीक दाण्यासारखा.

नेमकी जात कुठली ते फोटोवरून कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, बऱ्याच जाती इतक्या सारख्या दिसतात की मायक्रोस्कोपखाली जननांग बघावं लागतं. लाउरी काइला या फिनलंडच्या अभ्यासकानं २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या या पतंगांवर आख्खा ग्रंथ काढला, त्यातल्या बहुतेक जाती तोवर कुणी नोंदवलेल्याच नव्हत्या. आपल्याकडं तर गवताकडं लक्ष कोण देतंय, कासला गेलं तरी सगळे फुलांचेच फोटो काढतात!

हौस असेल तर पाळून बघा. नुसतं पान तोडून डबीत टाकलं तर ते वाळतं न अळी उपाशी मरते, म्हणून गवताचा ठोंबच मातीसकट कुंडीत लावा, वरून बारीक जाळीचं कापड बांधा. ठोंब बांधावरचाच घ्या, कासवरनं काही उपटून आणू नका. कुंडीतनं पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी निघाली तरी हिरमुसू नका, तिची पोरं त्या अळीवरच जगतात.