गॅलरीतील निष्ठा आणि घरातील तह

या महिन्याच्या टपालात फुटबॉलच्या समर्थकांची, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या घरच्या माणसांची, इतकी पत्रे आली की बाकीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवावे लागले. उत्तरे देणारा शाळकरी वयापासून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्या झिजवत आलेला असल्यामुळे त्याच्याकडून संपूर्ण तटस्थतेची अपेक्षा कोणी धरू नये. आपला संघ कोणता हे या सदरात लिहायचे नाही, एवढी अट मात्र संपादकांनी घातली आहे आणि ती मी पाळणार आहे.

प्रश्न : माझे माहेर शिवाजी पेठेत आणि सासर मंगळवार पेठेत. माहेरी सगळे शिवाजी तरुण मंडळाचे, तर सासरी सासऱ्यांपासून धाकट्या दिरापर्यंत सगळे पाटाकडील तालीम मंडळाचे. लग्न ठरवताना पत्रिका पाहिली, पण हे कोणी पाहिले नाही. या दोन संघांचा सामना असला की सासरी सगळ्यांचे डोळे माझ्याकडे असतात आणि तिकडून भावाचे फोनवर फोन येतात. मी कोणाच्या बाजूने असावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, आपण माहेरच्याच बाजूने असावे आणि ते उघडपणे असावे. लग्नानंतर रेशनकार्डावरचे नाव बदलते. गॅलरी बदलावी असा दंडक निदान मला तरी ठाऊक नाही.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. इथले संघ हे केवळ फुटबॉलचे क्लब नसून ती पेठांतील तालमींची आणि तरुण मंडळांची अपत्ये आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे मुळात तालमींची आहेत. ज्या तालमीत आजोबांनी लाल मातीच्या हौद्यात अंग घुसळले, जिथे गणपतीच्या मिरवणुकीची आखणी होते, पुराच्या दिवसांत जिथून जेवणाची पाकिटे बाहेर पडतात, त्याच तालमीचा संघ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मैदानात उतरतो. त्यामुळे इथला समर्थक संघ निवडत नाही, तो ज्या गल्लीत जन्मतो तिथेच त्याची निवड होऊन गेलेली असते. खेळाडूंचे तसे नाही. हंगामापूर्वी नोंदणीच्या दिवसांत खेळाडू या संघातून त्या संघात जातात, आफ्रिकेतून आलेले खेळाडूही आता आपल्या ओळखीचे झाले आहेत, आणि गेल्या वर्षी ज्याच्या सात पिढ्यांचा आपण उद्धार केला तो यंदा आपल्याच जर्सीत गोल मारतो तेव्हा त्याच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडावे लागते. अशा वेळी जागचे हलत नाहीत ते फक्त पायऱ्यांवरचे लोक. आपण त्यांच्यापैकी एक आहात, आणि सासरचेही आहेत. म्हणूनच आपण उगाच पाटाकडीलच्या गोलवर टाळ्या वाजवल्या तर त्या खोट्या आहेत हे सासऱ्यांना तत्काळ कळेल, आणि अस्सल पेठकऱ्याला समोरच्या संघाच्या माणसापेक्षा खोटी टाळी अधिक बोचते.

माझी एक आत्या अशीच एका पेठेतून दुसऱ्या पेठेत दिलेली होती. त्या काळी बायका स्टेडियमवर जात नसत, मोबाइल तर नव्हताच. सामन्याचा निकाल तिला फटाक्यांवरून कळे. फटाके लांबून, माहेरच्या दिशेने वाजले तर ती ओट्यावर काही न बोलता चहा टाकी. सासरच्या गल्लीत वाजले तर त्या संध्याकाळी तिच्या खलबत्त्याचा आवाज शेजारच्या वाड्यापर्यंत ऐकू जाई आणि त्या दिवशीची चटणी अंमळ जास्तच बारीक होई. काकांनी चाळीस वर्षांत त्यावर चकार शब्द काढला नाही. आपल्या घरीही असा तह होऊ शकेल. सामना संपल्यापासून तासभर भावाचा फोन घेऊ नये, आणि जेवताना कोणीही जुन्या टायब्रेकरचा विषय काढू नये. मूल झाल्यावर त्याच्या अंगात कोणती जर्सी घालायची हे आपण विचारलेले नाही, आणि मीही त्यात पडणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि पेठेच्या संघाचा एकही सामना चुकवत नाही. गेल्या हंगामात एका सामन्यानंतर दगडफेक झाली आणि पोलिसांनी काही मुलांना उचलले. तो म्हणतो, मी नुसता ओरडत होतो. त्याला स्टेडियमवर जाण्यास बंदी करावी का? – एक आई

उत्तर : बंदी केल्यास तो जाणारच, फक्त आपल्याला न सांगता जाईल. त्यापेक्षा एकदा आपण स्वतः त्याच्याबरोबर जाऊन तो कोठे बसतो आणि कोणाबरोबर बसतो हे पाहावे. भांडणाची सुरुवात बहुधा मैदानात होतच नाही. ती आदल्या रात्री मोबाइलवरच्या स्टेटसमधून आणि डिवचणाऱ्या रील्समधून झालेली असते, आणि स्टेडियमवर तिला केवळ निमित्त मिळते. सामना संपल्यावर दहा मिनिटे जागेवरून हलायचे नाही, सायलेन्सर काढलेल्या गाड्यांच्या घोळक्यात शिरायचे नाही, आणि स्टेटस ठेवायचेच असेल तर आपल्या संघाच्या कौतुकाचे ठेवायचे, एवढ्या अटी त्याला घालाव्यात. दंगलीच्या गुन्ह्यात एकदा नाव आले की ते पासपोर्टच्या आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीत आडवे येऊ शकते, आणि त्या वेळी पेठेतले कोणीही मदतीला येऊ शकत नाही, हेही त्याला स्पष्ट सांगावे.

त्याला कोलकात्याची हकीकतही सांगावी. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात मैदानातील धसमुसळेपणा स्टँडमध्ये पसरला, हाणामारी आणि चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक घरी परतले नाहीत. ते दोन्ही संघांचे होते. कोलकात्यात आजही त्या दिवशी त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान केले जाते.

मीही त्याच्याच वयाचा असताना एका पेनल्टीवरून चिडून पंचांच्या दिशेने चप्पल भिरकावली होती. ती पोहोचली नाही. शेजारी बसलेल्या वस्तादांनी काही न बोलता माझी दुसरी चप्पल काढून घेतली आणि मला एप्रिलच्या उन्हात अनवाणी घरी पाठवले. आपल्या मुलाच्या शेजारी असा कोणी वस्ताद बसतो का, तेवढे पाहून घ्यावे.

प्रश्न : मी नांदेडचा. पंधरा वर्षांपासून एका इंग्लिश संघाचा समर्थक आहे, परंतु तो संघ प्रत्यक्ष खेळताना एकदाही पाहिलेला नाही. मित्र म्हणतात, तू टीव्हीचा समर्थक, खरा नव्हेस. – एक वाचक

उत्तर : युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू होतात. पंधरा वर्षे ती जागरणे करून सकाळी नऊला कामावर हजर राहणाऱ्याला खोटे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. खरी परीक्षा वेगळी आहे. लीड्स युनायटेड हा संघ २००४ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून, म्हणजे प्रीमियर लीगमधून, खाली घसरला तो थेट २०२० मध्ये परतला. मधल्या सोळा वर्षांत आपला संघ टीव्हीवर क्वचितच दिसला असता, तर आपण त्याचे निकाल शोधत बसला असतात का? उत्तर होकारार्थी असेल तर मित्रांना खुशाल बोलू द्यावे. मात्र नांदेडच्या मैदानावरही संध्याकाळी मुले खेळत असतील. तिथे उन्हाधुळीत उभे राहून सामना पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण ती टीव्हीवर लागत नाही.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही लिव्हरपूलला आलो आहोत. माझ्या पतींच्या सहकाऱ्याने लिव्हरपूल संघाच्या ॲनफील्ड मैदानावरील ‘कोप’ या स्टँडची दोन तिकिटे देऊ केली आहेत. तिथे लोक पूर्ण वेळ उभे राहतात असे ऐकले. आम्ही क्रिकेटवाले. तिथे कसे वागावे? – एक वाचक, लिव्हरपूल

उत्तर : जावेच, आणि बसण्याची आशा घरी ठेवून जावे. या ‘कोप’चा आपल्याशी एक धागा जुळतो. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, जानेवारी १९०० मध्ये, नाताळ प्रांतातील स्पिऑन कोप नावाच्या टेकडीवर लँकाशायरकडचे, म्हणजे लिव्हरपूलच्याच मुलखातले, अनेक सैनिक मारले गेले, आणि १९०६ मध्ये ॲनफील्डवर उंच मातीचा नवा उतार उभा राहिला तेव्हा त्याला त्या टेकडीचे नाव मिळाले. त्याच लढाईत जखमींना डोलीवरून वाहून नेणाऱ्या हिंदी शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते.

उभे राहण्याच्या प्रश्नाला मात्र दुःखाची किनार आहे, आणि त्या शहरात राहताना ती ठाऊक असलीच पाहिजे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या उपांत्य सामन्यात, लोखंडी कुंपणाने कोंडलेल्या उभ्या स्टँडमध्ये गर्दी चेंगरली आणि ९७ समर्थक दगावले; त्यांतील शेवटचे तेव्हाच्या इजांमुळे २०२१ मध्ये वारले. पोलिसांनी आणि ‘द सन’ या खपाच्या वृत्तपत्राने दोष समर्थकांवरच ढकलला. तो दोष त्यांचा नव्हता, हा ज्यूरीचा निर्णय मिळवण्यासाठी त्यांच्या घरच्यांना २०१६ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, झगडावे लागले. ते वृत्तपत्र त्या शहरात आजही अनेक जण हातात धरत नाहीत; आपणही ते काखेत मारून मैदानाकडे जाऊ नये. त्या दुर्घटनेनंतर वरच्या श्रेणींतील मैदानांवर सर्वत्र खुर्च्या आल्या. ‘कोप’वर लोक अखेरचे उभे राहिले ते ३० एप्रिल १९९४ रोजी, नॉर्विचविरुद्ध, आणि तो सामना लिव्हरपूलने हरला. अलीकडे तिथे काही भागात समोर लोखंडी कठडा असलेल्या खुर्च्या बसवल्या आहेत, त्यांना धरून सुरक्षित उभे राहता येते.

आता वागण्याविषयी. मैदान दिसेल अशा जागी मद्य घेण्यास तिथे कायद्याने मनाई आहे, तेव्हा जे काही घ्यायचे ते आतल्या व्हरांड्यात आटोपून यावे लागते. अंगावर निळा स्वेटर नसावा, कारण तो गावातल्याच दुसऱ्या संघाचा, एव्हर्टनचा रंग. सामन्यापूर्वीच्या गाण्याचे शब्द येत नसले तरी गळपट्टा दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरता येतो. आणि सामना संपण्यापूर्वी वाहनतळाच्या चिंतेने उठू नये. उठून जाण्याला तिथे वेगळाच अर्थ आहे: ६ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे होणार म्हणून हजारो समर्थक ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होते. सामना २-२ असा सुटला आणि काही दिवसांतच मालकांनी दरवाढ मागे घेतली. संघासाठी ओरडणे आणि संघाच्या मालकांवर ओरडणे ही दोन्ही कामे समर्थकाचीच आहेत, हे आपल्याकडच्या गॅलरीने त्यांच्याकडून शिकावे असे मला फार दिवसांपासून वाटते.

प्रश्न : मी मडगावचा. तरुणपणी धेंपोचे सामने पाहण्यासाठी कामावर दांड्या मारल्या. संघाने राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. नव्या लीगच्या नव्या संघाला मी आपले म्हणावे का? – एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या संघाविषयी आपल्याला असे वाटणे स्वाभाविक आहे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही गोमंतकीय संघ आय-लीग या राष्ट्रीय लीगबाहेर पडले तेव्हा फातोर्ड्याच्या स्टँडमधील निम्म्या आठवणी बेघर झाल्या. नव्या संघाला आपले म्हणण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. लंडनमधील विम्बल्डनचा क्लब २००२ मध्ये दूरच्या मिल्टन कीन्सला हलवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा तिथल्या समर्थकांनी सरळ स्वतःचा नवा क्लब काढला आणि सार्वजनिक मैदानावर खुली चाचणी ठेवून खेळाडू निवडले. २०११ मध्ये तो क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेन भागात परतला. आपल्याला इतके कष्ट पडणार नाहीत, कारण धेंपो २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला आहे. आता दांडी मारण्यासाठी कामही नसेल, तेव्हा जावे.

प्रश्न : आमचा संघ हरल्यावर दुसऱ्या दिवशी कार्यालयात जावे, की रजा टाकावी? – एक वाचक, रविवार पेठ

उत्तर : जावे, दहा मिनिटे लवकर जावे, आणि मिसळीचे पैसे आपण द्यावेत.