यिडिशमध्ये बायकांनी कविता लिहिल्या का? अनुवादात वाचायच्या तर कुठून सुरुवात करावी?

लिहिल्या, आणि भरपूर लिहिल्या. इंग्रजी संग्रहांत बहुतेक पुरुषांचीच नावं दिसतात हे खरं, पण तो दोष निवडणाऱ्यांचा. 1928 साली एझ्रा कोरमन यांनी शिकागोहून फक्त यिडिश कवयित्रींचा संग्रह काढला. त्यात 70 जणी आहेत आणि पहिली कविता थेट 1586 सालची. 1969च्या गाजलेल्या इंग्रजी संग्रहात मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. म्हणून माझं सांगणं, एकेका कवयित्रीचं स्वतंत्र पुस्तक धरा.

(ज्यू म्हटलं की आपल्याला रायगडकडचे बेने इस्रायली आठवतात. त्यांची भाषा मराठीच. यिडिश पूर्व युरोपातल्या ज्यूंची. जर्मन कुळातली, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी.)

सुरुवात काद्या मोलोदोव्स्कीपासून करा. जन्म 1894चा, आजच्या बेलारूसमधला. वॉर्सात त्या यिडिश शाळेत शिकवायच्या, 1935 साली न्यूयॉर्कला गेल्या. 1927च्या त्यांच्या पहिल्याच संग्रहात ‘स्त्रियांच्या कविता’ ही मालिका आहे. तिच्या पहिल्या कवितेत घराण्यातल्या बायका रात्री स्वप्नात येऊन बजावतात, आम्ही पिढ्यानपिढ्या रक्त शुद्ध राखून तुझ्यापर्यंत आणलं. त्यांतली एक सांगते, नवऱ्याविना अडकून पडले तेव्हा माझे गाल झाडावरच्या सफरचंदांसारखे लाल होते. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे नवरा हयात असताना त्याने काडीमोड दिल्याशिवाय बाईला दुसरं लग्न करता येत नाही. तो परागंदा झाला तर ती जन्मभर तशीच. दात आवळून घालवलेल्या त्या रात्रींची कहाणी स्वप्न पाहणारी नात ऐकून घेते आणि उलट विचारते, तुमच्या या शुद्ध रक्ताचा रेशमी दोरा माझ्या डोक्याभोवती का? शेवटी आपलं आयुष्य तिला पोथीतून फाडलेल्या पानासारखं वाटतं, त्यातलीही पहिली ओळ तुटलेली. या आज्यांवर तिचा राग आहे आणि जीवही आहे. दोन्ही एकाच कवितेत इतकं खरं उतरलेलं मी फार कमी ठिकाणी वाचलंय.

मग त्यांचीच 1945ची ‘दयाळू देवा’ वाचा. युरोपातल्या ज्यूंचा संहार नुकताच झालेला. कवयित्री देवाला सांगते, तूर्तास दुसरी प्रजा निवड, आम्ही मरून मरून थकलो, आमच्यापाशी प्रार्थनाही उरल्या नाहीत. रूप प्रार्थनेचंच, मागणं मात्र देवाने ज्यूंना आपली प्रजा म्हणून निवडलं ती निवड मागे घेण्याचं. कॅथरीन हेलरस्टाइन यांच्या अनुवादाच्या पुस्तकात समोरासमोर मूळ यिडिशही आहे.

सीलिया ड्रॉपकिन अगदी वेगळ्या. त्यांच्या एका कवितेत सर्कसवाली बाई टोकं वर केलेल्या सुऱ्यांमधून नाचते, लोक श्वास रोखून बघतात, आणि तिला मनातून पडायचंच असतं. इच्छेबद्दल इतकं उघड लिहिणं तेव्हाच्या समीक्षकांना झेपलं नाही. आना मार्गोलिन यांचं हयातीत एकच पुस्तक आलं, 1929 साली. त्याआधी कविता छापून येऊ लागल्या तेव्हा कुजबुज अशी, की या टोपणनावामागे कुणी पुरुषच असणार! चीड येते वाचून.

क्रम हाच ठेवा: मोलोदोव्स्की, ड्रॉपकिन, मार्गोलिन. मार्गोलिन थोड्या अवघड आहेत, त्यांना घाईत वाचू नका. हिब्रू लिपी येत असेल तर अमेरिकेत अ‍ॅमहर्स्टला असलेल्या यिडिश बुक सेंटरच्या संकेतस्थळावर हजारो जुनी यिडिश पुस्तकं फुकट वाचता येतात.