आंघोळ कुत्र्याला, खाज आपल्याला

प्रश्न : आमच्या कुत्र्याला दर आठवड्याला मीच शाम्पूने आंघोळ घालते. हल्ली दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पाणीदार फोड येतात, खूप खाज सुटते. शाम्पू दोन वर्षं तोच आहे. म्हणजे ही कुत्र्याचीच अॅलर्जी का? त्याला दुसऱ्या घरी द्यावं लागेल?

उत्तर : एवढ्यावरून त्याला कुठेही देऊ नका. कुत्र्याच्या कोंड्याची किंवा लाळेची अॅलर्जी असेल तर बहुधा काही मिनिटांतच गांधी उठतात, शिंका येतात. २४ ते ७२ तासांनी उठणारं पुरळ स्पर्शजन्य अॅलर्जीचं असतं, आणि तुमच्या बाबतीत पहिला संशय शाम्पूवर जातो. तो जुनाच आहे म्हणून सुटत नाही. एखादं रसायन शरीराला खुपायला लागायला कधी कधी वर्षं जातात. एकदा खुपलं की मग थोडंसंही पुरतं.

बाटलीवर मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे नाव शोधा. शाम्पू टिकावा म्हणून ते घालतात. युरोपीय संघात माणसांच्या शाम्पूत त्याची मर्यादा ०.००१५ टक्के आहे आणि अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ते चालतच नाही; पण हे नियम माणसांच्या प्रसाधनांचे, प्राण्यांच्या शाम्पूला ते लागू नाहीत. दुसरा संशय सुवासावर. लिमोनीन आणि लिनॅलूल ही सुवासाची रसायनं हवेशी संयोग होऊन जास्त त्रासदायक होतात, म्हणून बरेच दिवस उघडून ठेवलेली बाटली टाकून द्या. ‘नैसर्गिक’ या शब्दावरही विसंबू नका, टी ट्री तेलानेही अॅलर्जी होते.

सध्या शाम्पू पूर्ण बंद. हात बरे व्हायला काही आठवडे लागतील. पुढे लांब बाह्यांचे नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे वापरा आणि त्यांची कड बाहेर दुमडा. कडेतून फेस आत गेला तर तो त्वचेवर दाबून धरला जातो आणि उघड्या हातापेक्षा जास्त त्रास होतो.

खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. संशयित रसायनं लावलेल्या पट्ट्या पाठीवर ४८ तास राहतात. त्या काढल्यावर एकदा आणि दोनेक दिवसांनी पुन्हा, अशी त्वचा तपासतात. बाटली सोबत न्या. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा मलम चालू असेल तर आधीच सांगा, नाहीतर खरी अॅलर्जीही झाकली जाते. घरी मात्र निव्वळ शाम्पू हातावर चिकटवून पाहू नका. त्याने कोणाचीही त्वचा भाजते.

क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेला औषधी शाम्पू वापरताना अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला, तर पॅच टेस्टची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : मग कुत्र्याला लहान मुलांचा शाम्पू चालेल का?

उत्तर : नको. कुत्र्याची त्वचा आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. शिवाय त्यातही तोच सुवास असू शकतो. कुत्र्यांसाठीचाच, पण सुवासरहित आणि सगळे घटक छापलेला शाम्पू घ्या.