रसायनशास्त्र आवडत नसेल तर पर्यावरण अभियांत्रिकीत करिअर करता येईल का?

करता येईल, पण रसायनशास्त्राला पूर्ण फाटा देऊन नाही. सांडपाणी प्रक्रियेच्या कामात रोज लागतं ते मुख्यतः पीएच, क्षारता (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता), विरघळलेला ऑक्सिजन आणि बीओडी-सीओडी (पाण्यातली घाण जिवाणूंकडून किंवा रसायनांनी मोडायला किती ऑक्सिजन लागतो याची मापं). सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या लांबलचक अभिक्रिया तिथे कोणी विचारत नाही. पण जेवढं लागतं तेवढं नीट कळायला हवं. उदाहरणार्थ, १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे ७.१ ग्रॅम क्षारता खर्ची पडते (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने). ती संपत आली की पीएच घसरतो, हे रूपांतर करणारे जिवाणू मंदावतात आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात अमोनिया दिसू लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस नुसता ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) वाढवत बसतो, आणि फुगतं ते विजेचं बिल. त्यात बीओडीचा निकाल हातात यायला ३ ते ५ दिवस, म्हणजे तोवर याच समजुतीवर निभावायचं. गणित आणि फ्लुइड मेकॅनिक्स (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं शास्त्र) मात्र पक्कं हवं. पंप, पाइप, टाक्यांची सगळी आखणी त्यावरच होते. अपवादही आहेत: घातक कचरा किंवा दूषित जमिनीची सफाई या शाखांमध्ये रसायनशास्त्र हेच मुख्य काम असतं. नावड खरंच मोठी असेल तर तिकडे वळू नका. ध्वनी प्रदूषण किंवा जलवितरण बघा.