कन्सेक्युटिव्ह म्हणजे दर वेळी ‘सलग’ नव्हे

अनुवादाची कामं घ्यायला लागली आहेस, तर ‘कन्सेक्युटिव्ह’ या शब्दाशी आधीच नीट ओळख करून घे. त्याच्या लॅटिन मुळात मागोमाग जाण्याचा अर्थ आहे. मधलं काही वगळायचं नाही.

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या रजेच्या नियमांत मी ‘थ्री कन्सेक्युटिव्ह डेज’चं नुसतं ‘तीन दिवस’ केलं होतं. ‘सलग’ गळलं, आणि महिनाभरात सुट्या-सुट्या तीन रजा घेणाराही नियमात अडकला असता! छापण्याआधी लक्षात आलं, पण ती धडधड अजून आठवते.

तरी सगळीकडे ‘सलग’ बसत नाही. ‘कन्सेक्युटिव्ह सॅटरडेज’ म्हणजे लागोपाठचे शनिवार. मधे सहा-सहा दिवस जातात, पण शनिवार एकही चुकत नाही. २, ४, ६ या क्रमाने येणाऱ्या सम संख्याही तशाच. म्हणून आधी बघ, मोजतोय काय?

कोर्टाच्या कागदांत तर फार जपून. ३ वर्षं आणि २ वर्षं अशा दोन शिक्षा ‘कन्सेक्युटिव्ह’ असतील, तर एक संपल्यावर दुसरी, एकूण ५ वर्षं. ‘कन्करंट’ असतील तर दोन्ही एकाच वेळी, म्हणजे ३. एका शब्दापायी माणसाची दोन वर्षं इकडची तिकडे होतात गं.

याच्याशी गल्लत होणारे आणखी दोन शब्द: ‘कंटिन्युअस’ म्हणजे अखंड, खडकवासला धरणातून रात्रभर सुटलेल्या पाण्यासारखं. ‘कंटिन्युअल’ म्हणजे थांबून-थांबून, पण वारंवार. लक्ष्मी रोडवरचे हॉर्न आठव.

अडलीस तर फोन कर. रात्री दहापर्यंत मी जागीच असते.